मागणाऱ्याचा मान

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत वक्त्याने दात्यांचे आभार मानावे, कोणी घंटा दिली, कोणी बाके दिली, कोणी वेदीचा संगमरवर दिला ह्याची यादी वाचावी आणि टाळ्यांच्या गजरात आपल्या आसनावर जाऊन बसावे, असा आपल्याकडील प्रघात आहे. ती यादी ह्या पुस्तिकेत अन्यत्र छापलेली आहे, व ती छापणे योग्यच आहे. परंतु दुसरीही एक यादी असते. ती कोठे छापली जात नाही व छापली जाऊही नये. गेल्या पन्नास वर्षांत ज्यांनी ह्या मंदिराच्या दारी येऊन काही मागितले व काही घेतले, त्यांची ती यादी होय. आणि तिच्याही मागे तिसरी एक यादी आहे, जी कोणापाशीच नाही. ज्यांस मागावयाचे होते, परंतु ज्यांची जीभ रेटली नाही, त्यांची ती. आजचे माझे चार शब्द ह्या दुसऱ्या व तिसऱ्या यादीतील मंडळींविषयी आहेत.

आमचे लोक देण्यात कृपण नाहीत, हे प्रथमच सांगून टाकतो. अमुक ठिकाणी पूर आला आहे असे रविवारी वेदीवरून सांगावयाचा अवकाश, की पुढच्या रविवारपर्यंत तांदळाची पोती, कपड्यांची गाठोडी व पैशांची पाकिटे ह्यांनी सभागृहाचा कोपरा भरून जातो. परंतु तीच पाकिटे देणाऱ्या घरात संकट आले म्हणजे त्या घराचे दार आतून बंद होते. मुलाची फी थकली, घरधन्याची नोकरी गेली, म्हाताऱ्या आईस माणसे ओळखू येईनाशी झाली, हे आम्हांस कळते केव्हा? बहुधा बिऱ्हाड हलल्यावर. शेजारीण येऊन सांगते, "फादर, ती माणसे गेली हो गावाकडे." आणि मग सारा प्रार्थनागट हळहळतो, की एका शब्दाने आम्हांस कळविले असते तर!

एका गृहस्थांची हकीकत त्यांच्याच अनुमतीने सांगतो; नाव सांगत नाही. ते ज्या कारखान्यात होते तो बंद पडला. पुढे सात महिने ते नित्याप्रमाणे सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत, दादर स्टेशनातील बाकावर नाहीतर एखाद्या बागेत दिवस काढीत, दुपारी तेथेच डबा खात, आणि संध्याकाळी ठरलेल्या गाडीने परत येत. फंडाची रक्कम थोडी थोडी काढून पगार म्हणून घरी देत. पत्नीस कल्पना नव्हती, मुलांस नव्हती. आणि हे गृहस्थ कोण, तर दर रविवारी मिस्सेच्या वेळी दानाची पिशवी घेऊन बाकांमधून फिरणारे. प्रत्येकाच्या पुढे ती पिशवी धरताना, आपणही ह्यांपैकी कोणापुढे हात धरावा, असे सात महिन्यांत एकदाही त्यांच्या मनास शिवले नाही. फंड संपला तेव्हा गोष्ट उघडकीस आली. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत येथील औद्योगिक वसाहतीतील एका शेडमध्ये त्यांना भांडारपालाचे काम मिळाले. ते मिळवून देणारा मनुष्य कोण, हे ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. तो मंदिरात त्यांच्याच मागच्या बाकावर बसत असे. सात महिने बसत होता.

ह्याचे खापर एका मनुष्याच्या अभिमानावर फोडून चालणार नाही. आपली ही गावेच कशी वसली आहेत ते पाहिले पाहिजे. उल्हासनगर घ्या. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी कल्याणजवळ छावण्या उभारल्या गेल्या. १९४७ साली फाळणी झाली, आणि त्याच बरॅकींत सिंधमधून आलेल्या हजारो निर्वासित कुटुंबांस आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते तेथे कोनशिला बसली व नदीवरून गावाचे नाव उल्हासनगर ठेवले गेले. आजही तेथील पत्ते कॅम्प नंबर व बरॅक नंबर ह्यांनीच सांगितले जातात. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे; परंतु हल्लीचे शहर वाढले ते विमकोच्या काड्यापेट्यांच्या कारखान्यामुळे, आयुधनिर्माणीमुळे व त्यानंतरच्या औद्योगिक वसाहतीमुळे. आणि बदलापुरास माणसे आली ती बहुतांशी मुंबईतील जागेचे भाडे परवडेना म्हणून. आपले कॅथॉलिक लोकही असेच आले. कोणी वसईहून, कोणी नगर व जालना ह्या बाजूंनी, कोणी गोव्याहून, मंगळूरहून, केरळातून, तमिळ मुलखातून. ह्या तीन गावांत शंभर वर्षांपूर्वीपासून राहणारे ख्रिस्ती कुटुंब शोधावयास गेल्यास पायपीट पुष्कळ होईल.

ज्या गावांहून आपण आलो त्या गावांत मागण्याची रीत होती, आणि ती मानाची होती. नगरकडील मंडळींस इर्जिक आठवत असेल. ज्याचे रान नांगरावयाचे राहून गेले तो शेजाऱ्यांस बोलावणे धाडी. ते आपापले बैल व औते घेऊन येत, एका दिवसात त्याचे काम उरकून देत, आणि रात्री त्याच्या घरी पोटभर जेवून आपापल्या घरी जात. कोकणच्या बाजूस ह्यालाच मिळतीजुळती सावड आहे. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. बोलावणे धाडणाऱ्यास कोणी भिकारी म्हणत नसे. शिवाय तेथे पुष्कळशी गरज न सांगताच दिसत होती. एखाद्या घराच्या कौलांतून सकाळी धूर निघाला नाही, तर आज ह्यांची चूल का पेटली नाही हे पाहावयास शेजारीण सूप घेऊन येई. येथे गॅसच्या शेगडीस धूर नाही. घरधनी पहाटेची लोकल धरतो तो रात्री परततो, दाराबाहेर लोखंडी जाळीचे दुसरे दार असते, आणि समोरच्या बिऱ्हाडाची भाषाही आपली नसते. म्हणून गावी जे डोळ्यांनी कळत होते ते येथे तोंडाने सांगितल्याखेरीज कळण्याचा मार्गच उरलेला नाही. आम्ही गाव सोडताना इर्जिक तेथेच ठेवून आलो आणि ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण तेवढी बरोबर आणली.

आता, ह्या खोऱ्यातील लोकांस हाक मारताच येत नाही, असेही म्हणवत नाही. २६ जुलै २००५ रोजी पावसाने हाहाकार केला. सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि इकडे उल्हास व वालधुनी ह्या दोन्ही नद्यांनी पात्र सोडले. तळमजल्यावरील माणसांनी त्या रात्री वरच्या मजल्यांची दारे निःसंकोच ठोठावली व ती उघडलीही गेली. २७ जुलै २०१९ रोजी कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकून पडली. आत हजाराहून अधिक उतारू होते. त्यांनी फोनवरून हाका मारल्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या होड्या आल्या, नौदलाची माणसे आली, आसपासच्या गावचे लोक धावून आले, आणि सर्वजण सुखरूप बाहेर निघाले. मदत मागण्याची लाज वाटते म्हणून डब्यात गप्प बसून राहिलेला उतारू कोणी ऐकलेला नाही. जे पाणी बाहेरून येते त्याची आपणांस लाज वाटत नाही. जे घराच्या आतच बोट बोट चढत असते, कर्जाचे, आजाराचे, दारूचे, नवराबायकोतील अबोल्याचे, त्याच्यापायी मात्र आपण गळ्यापर्यंत बुडालो तरी हूं की चूं करीत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा दोन्ही गोष्टी एकदमच पाहावयास मिळाल्या. लोकल गाड्या सामान्य उतारूंस बंद झाल्या, त्या १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत. आपली मंदिरेही १६ नोव्हेंबर २०२० पर्यंत बंद होती. ज्याचे पोट रोज लोकलने मुंबईस जाते त्याची त्या काळात काय दशा झाली असेल हे मी आपणांस सांगावयास नको. शिधा पुष्कळांनी वाटला, आणि मनापासून वाटला. पण पिशवी हाती देताना छायाचित्र घेण्याची एक रीत तेव्हा पडून गेली. एके ठिकाणी रांगेत उभ्या असलेल्या बाई पुढे कॅमेरा दिसताच पदर तोंडावर ओढून घरी परत गेल्या. त्यांच्या घरी तीन दिवस नुसत्या पेजेवर निभावले होते. ‘भीक नको, पण कुत्रा आवर’ असे आपल्या पूर्वजांनी म्हटले ते काय उगाच? आमच्या वेळी कुत्रा चार पायांचा होता, एवढाच काय तो फरक.

काही भाविक मंडळींचा आक्षेप ह्याहून सूक्ष्म असतो. ते म्हणतात, "फादर, मनुष्यापुढे हात का पसरावा? देव आहे, तो पाहून घेईल." ऐकावयास हे श्रद्धेचे वाक्य वाटते. परंतु ज्या देवावर ही श्रद्धा ठेवावयाची त्याचे स्वतःचे वागणे कसे होते? संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू येशू प्रवासाने थकून शोमरोनातील विहिरीच्या काठी बसला आहे आणि एका अनोळखी स्त्रीपाशी पाणी मागतो आहे. ती परक्या लोकांतली. ज्यांच्या भांड्यास यहुदी लोक स्पर्शही करीत नसत त्यांतली. गालीलात फिरत असता मग्दालेची मारिया, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना व इतर पुष्कळ स्त्रिया आपल्या पदरच्या पैशाने त्याचा व शिष्यांचा खर्च चालवीत होत्या, असे संत लूक आठव्या अध्यायात नावानिशी लिहून ठेवतो. उपदेश करण्यासाठी होडी दुसऱ्याची, येरुशलेमेत प्रवेश करण्यासाठी शिंगरू दुसऱ्याचे, शेवटच्या भोजनासाठी माडी दुसऱ्याची, आणि शेवटी कबर तीही अरिमथाईच्या योसेफाची. क्रुसाचे ओझे उचलण्यासदेखील त्याला कुरेनेकर शिमोनाचा खांदा लागला. ज्याने सर्व काही निर्माण केले त्याने इतके घेतले, आणि आम्ही मात्र कोणाचे मिंधे होणार नाही!

पेत्राचे तर आपण सर्वांनीच स्मरण ठेवावे. प्रभू पाय धुवावयास वाकला तेव्हा पेत्राने पाय मागे घेतले. त्याला वाटले, ही नम्रता. प्रभूने त्यास बजाविले, की मी तुला धुतले नाही तर तुझा माझ्याशी काही संबंध राहणार नाही. म्हणजे घेण्यास नकार देणे ही नम्रता नव्हे. तो संबंधच तोडण्याचा प्रकार आहे. (ह्यावर पेत्र हात व डोकेही धुवून घेण्यास तयार झाला, हा भाग वेगळा, मधले माप त्या सत्पुरुषास कधी जमलेच नाही.)

संत पौलाचे उदाहरण आपल्या कष्टाळू लोकांस अधिक जवळचे वाटेल. तो तंबू शिवून पोट भरीत असे व ह्याचा त्याला रास्त अभिमान होता. करिंथ येथील मंडळीकडून त्याने स्वतःसाठी काही घेतले नाही. परंतु फिलिप्पै येथील मंडळीकडून त्याने घेतले, एकदा नव्हे, अनेकदा. आणि बंदिवासात असता एपफ्रदीताच्या हाती आलेली त्यांची देणगी पोहोचल्यावर त्याने जे पत्र लिहिले त्याचा शेवटचा अध्याय आपण घरी जाऊन अवश्य वाचावा. स्वाभिमानी मनुष्यास आभार मानताना किती जड जाते ते त्यात ओळीओळीतून दिसते. मला गरज होती असे नाही म्हणतो, आणि तरी तुम्ही केलेत ते बरे केलेत असेही म्हणतो. परंतु त्याच पत्रात तो ह्या व्यवहारास देवघेवीचा हिशेब असे व्यापाऱ्याचे नाव देतो. हिशेबाच्या वहीस दोन बाजू असतात. एकच बाजू लिहिणाऱ्या कारकुनास नोकरीवर कोण ठेवील? तो एपफ्रदीत तर देणगी पोहोचविण्यास आला आणि येथे आजारी पडून मरणाच्या दारी गेला. मग पौलालाच त्याची काळजी वाहावी लागली. आणणारा आणि घेणारा कोण, हे ख्रिस्तसभेत फार दिवस कायम राहत नाही.

मागण्यास मर्यादा आहे, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर कार्यालयाबाहेर उद्यापासून भलतीच गर्दी होईल. गलतीकरांस लिहिताना संत पौल एका ठिकाणी म्हणतो की एकमेकांची ओझी वाहा, आणि दोनचार ओळींनंतर म्हणतो की प्रत्येकाने आपला भार आपणच वाहावा. वाचणाऱ्यास वाटते, हा विसरला की काय? परंतु मूळ ग्रीक भाषेत शब्द दोन आहेत. पहिला ‘बारोस’, म्हणजे मनुष्य ज्याच्याखाली चेपून जातो असे दडपण. दुसरा ‘फोर्तियोन’, म्हणजे प्रवाशाने आपल्या पाठीवर घ्यावयाचे गाठोडे. कल्याण स्टेशनात आपली पिशवी आपणच उचलावी. पण कोणावर लाकडाची तुळई पडली असता त्याने ती स्वतःच उचलावी असे म्हणणे हा निर्दयपणा होय. हातपाय धड असून काम टाळणाऱ्यास पौलाने थेस्सलनीकाकरांच्या पत्रात फटकारले आहे ते गाठोड्याविषयी. आपल्याकडे अडचण अशी आहे, की गाठोडी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणारे थोडे निर्लज्ज लोक मोठ्याने बोलतात, आणि तुळईखाली सापडलेले सभ्य लोक त्यांच्यात आपली गणना होईल ह्या भीतीने कण्हतही नाहीत.

आता जो प्रसंग मला ह्या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो तो सांगतो. प्रेषितांची कृत्ये ह्या ग्रंथाचा सहावा अध्याय. येरुशलेमेतील पहिली मंडळी. सर्वांचे सर्व काही सामाईक. अन्नाचे रोज वाटप. आणि त्या आदर्श मंडळीत कुरकुर सुरू झाली. ग्रीक भाषा बोलणारे लोक तक्रार करू लागले, की रोजच्या वाटपात आमच्या विधवांची उपेक्षा होते. प्रेषितांनी काय केले? तुम्ही अन्न घेता आणि वर तोंड करून बोलता, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांनी सर्वांस एकत्र बोलाविले व हे काम पाहण्यास सात पुरुष निवडावयास सांगितले. स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. ही साती नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच भाषेची माणसे कोठाराच्या दारी उभी राहिली! ज्या सात जणांकडे आपली ख्रिस्तसभा परंपरेने उपाध्यायपदाचा उगम पाहते ते सात कोण्या थोर पुरुषाच्या योजनेतून आले नाहीत. उपेक्षित विधवांच्या गाऱ्हाण्यातून आले. त्या बायका सोशीकपणे गप्प राहिल्या असत्या, तर स्तेफन हा आपणांस ठाऊकही झाला नसता.

ह्या प्रसंगाचा आपल्या धर्मग्रामाशी फार जवळचा संबंध आहे, म्हणूनच मी त्यावर रेंगाळलो. आपल्या येथे पाचसहा भाषांचे लोक एका वेदीभोवती जमतात, ही देवाची मोठी कृपा आहे. परंतु मदतीचा अर्ज इंग्रजीत, शिष्यवृत्तीचा कागद इंग्रजीत, आणि चौकशीस बसलेला मनुष्यही इंग्रजीत विचारणारा, असे असले म्हणजे जालन्याकडून आलेली, धुणीभांडी करून मुले शिकविणारी बाई त्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही. दारात चप्पल काढते, आत डोकावते, आणि पुन्हा चप्पल घालते. तिला कोणी नको म्हटलेले नसते. तिने मागितले नाही असे अहवालात लिहिले जाते. मराठी बोलणाऱ्या माझ्या बांधवांनो, ह्यासाठी रुसून बसू नका. त्या ग्रीक लोकांसारखे मोठ्याने बोला. आणि बोलल्यावर कोठाराच्या दारी उभे राहण्याचे कामही पत्करा. कारण तक्रार आमची आणि काम मात्र दुसऱ्याचे, असे त्या अध्यायात कोठेही लिहिलेले नाही.

मदत म्हणजे पैसा, ही एक समजूत आपणांस फार नडते. संत याकोब आपल्या पत्रात सांगतो, की तुमच्यात कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांस बोलावून घ्यावे. कोणी बोलवावे? आजाऱ्याने. म्हणजे येथे मागणे ही मुभा राहिलेली नाही, आज्ञाच झाली. आणि आपल्याकडे काय होते? धर्मगुरूस बोलाविले तर आजारी घाबरेल, त्याला वाटेल आता आपले संपले, म्हणून मुले बोलवीतच नाहीत. आणि बोलवितात तेव्हा त्याला फादर कोण आणि डॉक्टर कोण हेही कळत नसते. ‘शेवटचे तेल’ ह्या जुन्या नावाने हा घोटाळा केला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली सांगितले, की ह्या संस्कारास आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणणे अधिक योग्य असून तो केवळ मरणाच्या दारी टेकलेल्यांसाठी नाही. १९७२ साली त्याचा नवा विधीही आला. त्यालाही आता अर्धशतक उलटले. मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल तर तिच्या आधी बोलवा. आजारी जागेपणी, उशीला टेकून बसून, आपल्या तोंडाने प्रार्थनेस उत्तर देतो त्या वेळी त्या खोलीत जे बळ येते ते मी पुष्कळदा पाहिले आहे.

दारूचेही तसेच. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन ह्या गावी एक दलाल व एक डॉक्टर, दोघेही व्यसनी, एकमेकांस भेटले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना जन्मास आली. आपल्या मुलखातही तिच्या सभा भरतात. तेथे पहिले पाऊल कोणते, तर हे माझ्या एकट्याच्या आवाक्यातले नाही असे चार माणसांत कबूल करणे. आडनाव सांगावे लागत नाही, वर्गणी सक्तीची नाही. नवऱ्याच्या व्यसनामुळे गांजलेल्या किती भगिनी माझ्यापुढे रडून जातात. त्यांना मी हेच सांगतो, की तुम्ही त्याच्यासाठी नऊ शुक्रवार करा, पण तुमच्यासाठी कोणाशी तरी बोला.

आणि पैसाच लागत असेल, तर तो मागण्याचाही सन्मान्य मार्ग आपल्याच लोकांनी घालून दिलेला आहे. १९०४ साली सरकारने सहकारी पतसंस्थांचा कायदा केला. १९१८ साली वसईच्या आपल्या कॅथॉलिक बांधवांनी एक पतपेढी काढली. तीच पुढे बसीन कॅथॉलिक बँक ह्या नावाने मोठी झाली. पतपेढीचे मर्म काय? कर्ज मागणाऱ्यास जामीन आणावा लागे. म्हणजे शेजाऱ्याच्या घरी जाऊन, ओटीवर बसून, मला इतके हवे, ह्यासाठी हवे, आणि मी असे फेडीन, हे सांगावे लागे. आणि शेजाऱ्यास त्याच्यासाठी आपले नाव लिहून द्यावे लागे. सावकाराकडे मनुष्य रात्री लपूनछपून जाई. पतपेढीत तो दिवसा जात असे.

देणाऱ्यांकडेही वळतो. फ्रेडरिक ओझानाम हा पॅरिसमधील वीस वर्षांचा विद्यार्थी. १८३३ साली त्याने व त्याच्या सोबत्यांनी संत विन्सेंट दि पॉल ह्यांच्या नावे सुरू केलेली संस्था आज आपल्या धर्मग्रामांतून काम करते. गरिबांच्या घरी कसे जावे हे त्या तरुणांस रोझाली रांद्यू नावाच्या एका धर्मभगिनीने शिकविले. आरंभापासूनची तिची रीत पाहा. सभासद गरजवंताच्या घरी स्वतः जातात. त्याला कार्यालयात खेपा घालावयास लावीत नाहीत. एकटे जात नाहीत, दोघे जातात. सभेत पिशवी फिरते तीत कोणी किती टाकले हे कोणास दिसत नाही, आणि ज्यांच्या घरी गेले त्यांची नावे सभेबाहेर जात नाहीत. ह्या शेवटच्या नियमावर मी विशेष जोर देतो. आपल्या लोकांची जीभ का रेटत नाही, तर मागितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तीन इमारतींत पोहोचेल ही त्यांना खात्री असते. आणि खेदाने म्हणावे लागते, की ती खात्री नेहमीच चुकीची नसते. ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही त्याने देणगी अवश्य द्यावी. घरभेटीस मात्र जाऊ नये.

धर्मगुरूविषयी दोन शब्द. आमची गणना आपण देणाऱ्यांत करता, परंतु आमच्यासारखा घेणारा दुसरा नाही. गुरुविद्यालयात वर्षानुवर्षे आम्ही ज्यांची तोंडे कधी पाहिली नाहीत अशा लोकांच्या पैशावर जेवलो. आजही माझ्या ताटातील भात आपल्या दानातून येतो. घेण्याची सवय आम्हांस सक्तीने लागली, हे आमचे भाग्य. शिवाय आपणा सर्वांसही ती लावण्याची योजना ख्रिस्तसभेने करून ठेवलेली आहे, आपले लक्ष जात नाही एवढेच. प्रत्येक मिस्सेच्या आरंभी आपण पापांची कबुली देतो आणि शेजारी उभ्या असलेल्या बंधुभगिनींस विनंती करतो, की माझ्यासाठी प्रार्थना करा. चारशे माणसे एकमेकांपाशी एकाच वेळी मदत मागतात! आणि पुढे ख्रिस्तशरीर घ्यावयाचे, तेही वेदीवरून आपल्या हाताने कोणी उचलीत नाही. रांगेत उभे राहून, रिकामा हात पुढे करूनच ते घ्यावे लागते. त्या रांगेत पिशवी फिरविणारे गृहस्थही असतात, धुणीभांडी करणारी बाईही असते, आणि कोणाचा हात भरलेला आहे असे मी कधी पाहिलेले नाही.

ह्या महोत्सवाच्या वर्षापासून काही व्यवस्था ठरविली आहे, ती कळवितो. मदतीचा अर्ज ह्यापुढे मराठीत व हिंदीतही मिळेल. ज्यांस लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगावे, लिहून घेण्यास मनुष्य आहे. कारण एका ओळीत पुरे. पुराव्यांची चळत नको. दर गुरुवारी सायंकाळच्या मिस्सेनंतर दोघे जण, एक पुरुष व एक स्त्री, मागच्या खोलीत बसतील. त्या खोलीस बाहेरून स्वतंत्र दार आहे. प्रत्येक प्रार्थनागटाने महिन्यातून एकदा, जपमाळेनंतर, कोणास काही हवे आहे काय हे विचारावे. आणि नुसते विचारून थांबू नये, कारण पहिल्या दिवशी कोणीच बोलणार नाही. गटप्रमुखांनीच प्रथम काहीतरी मागावे. शिडी मागावी, शिलाईयंत्र मागावे, मुलीच्या गणितासाठी एक तास मागावा. बाकीच्यांस मग धीर येईल.

पहिला अर्ज आलाही आहे. त्यात पैशाचे नाव नाही. आई अंथरुणास खिळलेली आहे, तिला एकटे सोडता येत नाही, आणि त्यामुळे दोन वर्षांत रविवारच्या मिस्सेस येता आले नाही. कोणी दीड तास तिच्यापाशी बसेल काय, एवढेच एका मुलीने विचारले आहे. तिच्या गल्लीतील तीन भगिनींनी रविवार आपसांत वाटून घेतले आहेत. चौथ्या रविवारास अजून कोणी नाही.